किल्ली मागणाऱ्यांवर पहारा कोणाचा?

लाल किल्ल्यालगत १० नोव्हेंबर २०२५ च्या सायंकाळी झालेल्या मोटारस्फोटाने राजधानी हादरली. डझनाहून अधिक जणांचा बळी घेणाऱ्या या घटनेचे धागे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील फरीदाबादमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले. हे संशयित परस्परांशी संपर्कासाठी थ्रीमा हे स्विस अॅप वापरत होते, असे तपास यंत्रणांच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले. केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२३ मध्ये ज्या चौदा अॅपवर बंदी घातली, त्यांत थ्रीमाचा समावेश होता. बंदी घातलेले साधन अडीच वर्षांनंतर राजधानीच्या वेशीवर बिनबोभाट वापरले जात असेल, तर कूटबद्ध संदेशांविषयी सरकारला वाटणारी धास्ती निराधार म्हणता येणार नाही.

या स्फोटाला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २८ नोव्हेंबर रोजी दूरसंचार विभागाने दोन आदेश काढले. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइल संचात ‘संचार साथी’ हे सरकारी अॅप नव्वद दिवसांच्या आत आधीपासूनच बसवलेले असावे आणि त्याच्या कार्यात अडथळा आणता येऊ नये, हा पहिला आदेश उत्पादकांना होता. दुसरा आदेश व्हॉट्सअॅप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या सेवांसाठी होता. खाते ज्या सिमकार्डावर उघडले ते संचात असल्याशिवाय सेवा चालू नये आणि संगणकावरील जोडणी दर सहा तासांनी आपोआप तुटावी, असे त्यात बजावले होते. दोन्ही आदेशांमागे सरकारने सायबर फसवणुकीचे कारण दिले. स्फोटाशी त्यांचा संबंध जोडला नाही. तथापि, १ डिसेंबर रोजी हिवाळी अधिवेशन सुरू होत असतानाच पहिला आदेश जाहीर झाला आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले. दूरसंचारमंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी दुसऱ्या दिवशी ‘अॅप नको असेल तर काढून टाका’ असा खुलासा केला. तिसऱ्या दिवशी, ३ डिसेंबरला, सक्ती मागे घेण्यात आली.

सरकारचा हेतू फसवणूक रोखण्याचा होता की पाळत ठेवण्याचा, यावर वाद रंगला. या माघारीचा खरा अर्थ वेगळा आहे. चोरीला गेलेला फोन शोधून देणारे, बनावट सिमकार्डांची माहिती देणारे हे अॅप उपयुक्त असल्याचे विरोधकही नाकारत नव्हते. तरीही सरकारने ते संचात घालतो म्हणताच जनमानसात पहिली शंका आली ती हेरगिरीची. नागरिक कुलूप लावून काय लपवतो, असा संशय राज्यसंस्थेला येतो. राज्यसंस्थेला किल्ली दिली तर ती कोठे कोठे फिरेल, असा संशय नागरिकाला येतो. यांपैकी पहिल्या अविश्वासाची चर्चा दिल्लीत गेली दोन दशके सुरू आहे. दुसऱ्याचे मूळ मात्र तंत्रज्ञानात नाही. ते फोन ऐकण्याची परवानगी देणाऱ्या कायद्यात आणि त्या कायद्यावर पहारा ठेवणाऱ्या व्यवस्थेत आहे.

ऐकणाऱ्या कानांची परंपरा

राजधानीच्या राजकारणाला पाळतीचे वावडे कधीच नव्हते. हरयाणा पोलिसांचे दोन शिपाई राजीव गांधी यांच्या निवासस्थानाबाहेर टेहळणी करताना आढळले, या कारणावरून काँग्रेसने पाठिंब्याचा प्रश्न उपस्थित केला आणि ६ मार्च १९९१ रोजी चंद्रशेखर यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. त्याआधी १९८८ मध्ये फोन ऐकण्याच्या आरोपांवरूनच रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. या प्रकरणांकडे त्या काळी डावपेचांचा भाग म्हणून पाहिले गेले. ज्या कायद्याच्या आधारे फोन ऐकले जातात, तो बदलण्याची निकड कोणाला वाटली नाही.

पुढील दोन प्रकरणे अधिक बोलकी आहेत. समाजवादी पक्षाचे तत्कालीन नेते अमरसिंह यांचा फोन ऐकला जात असल्याचे २००५ च्या अखेरीस उघड झाले. दिल्ली पोलीस आणि दिल्ली सरकारचे गृहखाते यांच्या नावाने मोबाइल कंपनीकडे गेलेली पत्रे बनावट होती. त्या पत्रांत ढोबळ चुका होत्या आणि त्या पाहूनही कंपनीला शंका येऊ नये, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात कंपनीला खडसावले. दुसरे प्रकरण २०१३ चे. राज्यसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या मोबाइलवरील कॉलचा तपशील दिल्ली पोलिसांच्या एका शिपायाने साहाय्यक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अधिकृत ई-मेलवरून मागवल्याचे निष्पन्न झाले. या दोन्ही प्रकरणांत कोणीही कूटलिपी फोडली नव्हती. एका ठिकाणी बनावट पत्र पुरले, दुसऱ्या ठिकाणी वरिष्ठाचा ई-मेल. व्यवस्थेत ठेवलेले अधिकृत दार कोणासाठी उघडेल, याची शाश्वती ते दार बांधणाऱ्यालाही देता येत नाही, एवढे त्यातून दिसले.

जेटली यांनी त्यानंतर नागरिकाच्या खासगीपणाच्या हक्काचा जाहीर कैवार घेतला. ते मंत्री असलेल्या सरकारच्या वतीने महान्यायवादींनी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मात्र राज्यघटनेने खासगीपणाचा मूलभूत हक्क दिलेलाच नाही, अशी भूमिका घेतली. नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात ती एकमताने फेटाळली. विरोधी बाकांवर असताना जो हक्क पवित्र वाटतो, तो सत्तेच्या बाकांवर अडचणीचा ठरतो. हा अनुभव एकाच पक्षापुरता नाही. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी गुप्तचर यंत्रणांना संसदीय देखरेखीखाली आणणारे खासगी विधेयक २०११ मध्ये लोकसभेत मांडले होते. तेव्हा सत्ता त्यांच्याच पक्षाची होती आणि पुढच्याच वर्षी ते स्वतः मंत्री झाले. विधेयक मात्र पुढे सरकले नाही.

महाराष्ट्रालाही याचा अनुभव आहे. राजकीय नेत्यांचे फोन बनावट नावे देऊन ऐकले गेल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये पुणे आणि मुंबईत गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी राज्यात सत्तांतर झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ते गुन्हे मुंबई उच्च न्यायालयात रद्द झाले. आरोप खरे होते की खोटे, हे सर्वसामान्यांना कधी कळलेच नाही.

दोन सेकंदांची तपासणी

फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो १८८५ च्या तार कायद्यातून. ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या दोन अटींवर संदेश अडवण्याची मुभा त्या कायद्याच्या कलम ५(२) ने दिली. राजकीय नेत्यांचे फोन ऐकले गेल्याच्या प्रकरणातून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने काही मर्यादा घालून दिल्या. आदेश गृहसचिवांचाच हवा, त्याला मुदत हवी, वरिष्ठ सचिवांच्या समितीने त्याचा आढावा घ्यावा, असे त्या निकालात म्हटले होते. आधी न्यायाधीशाची परवानगी घेतली जावी ही मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. तो निर्णय संसदेचा आहे, असे ठरले. संसदेने तो आजतागायत घेतलेला नाही.

परिणामी, मागणारे सरकार, परवानगी देणारे सरकार आणि परवानगी योग्य होती का हे तपासणारेही सरकारच, अशी रचना कायम राहिली. आढावा समितीचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव असतात. विधी आणि दूरसंचार खात्यांचे सचिव हे अन्य सदस्य. न्यायसंस्थेचा किंवा संसदेचा एकही प्रतिनिधी तिच्यात नसतो. केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार दूरध्वनी ऐकण्याचे आदेश काढते, असे माहिती अधिकारात मिळालेल्या एका उत्तरातून गेल्या दशकात समोर आले होते. समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये सादर केलेल्या अहवालात यावर नेमके बोट ठेवले: एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तपासणे हे अशक्यप्राय काम आहे. बैठक अखंड आठ तास चालली, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत.

त्याच वर्षी, २० डिसेंबर २०१८ रोजी, केंद्रीय गृह मंत्रालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अन्वये संगणकातील माहिती अडवण्याचा आणि उलगडण्याचा अधिकार असलेल्या दहा यंत्रणांची यादी प्रसिद्ध केली. गुप्तचर विभाग, सीबीआय, एनआयए, सक्तवसुली संचालनालय, प्रत्यक्ष कर मंडळ अशा केंद्रीय संस्थांच्या त्या यादीत पोलीस दलाचा प्रमुख एकच होता: दिल्लीचे पोलीस आयुक्त. दिल्ली पोलीस केंद्राच्या अखत्यारीत असल्याने हे तांत्रिकदृष्ट्या स्वाभाविक आहे. परंतु पक्षनेते, पत्रकार, वकील, न्यायाधीश आणि परदेशी वकिलाती ज्या शहरात एकवटल्या आहेत, तेथील पोलीस थेट केंद्रीय गृह मंत्रालयाला उत्तरदायी असावेत, ही बाब राजकीयदृष्ट्या किरकोळ नाही.

कायद्यातील शब्दांचा अर्थही स्थिर नाही. लाचखोरीच्या एका प्रकरणात फोन ऐकण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द केले, कारण त्यात सार्वजनिक सुरक्षिततेला धोका दिसत नव्हता. प्रगती मैदानाच्या पुनर्विकासाच्या कंत्राटाशी संबंधित भ्रष्टाचाराच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये नेमकी उलट दिशा घेतली: मोठ्या आर्थिक व्याप्तीचा भ्रष्टाचार सार्वजनिक सुरक्षिततेच्या कक्षेत येऊ शकतो. लगेच जुलैमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मुंबईचा मार्ग धरला. अशा स्थितीत कोणाचा फोन कायदेशीररीत्या ऐकता येतो, याचे उत्तर तो नागरिक कोणत्या उच्च न्यायालयाच्या हद्दीत राहतो यावर अवलंबून राहते.

चाळीस बिट ते नव्वद दिवस

एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश कूटबद्ध करण्याची पद्धत, या पार्श्वभूमीवर आली. तिच्याविषयीचा सरकारी संशय व्हॉट्सअॅपपेक्षा जुना आहे. इंटरनेट सेवेच्या परवान्यातील जुन्या अटींनुसार स्वतंत्र परवानगीशिवाय ४० बिटपेक्षा अधिक लांबीची किल्ली वापरता येत नसे. वापरायची तर ती सरकारकडे जमा ठेवावी लागे. इतकी तोकडी किल्ली तज्ज्ञ सहज फोडू शकत होते. रिझर्व्ह बँकेने मात्र २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटच्या संरक्षणाचा आग्रह धरला. एका सरकारी संस्थेने निषिद्ध मानलेली गोष्ट दुसरीने अनिवार्य केली आणि ही विसंगती वर्षानुवर्षे कोणाला खटकली नाही.

ब्लॅकबेरीचा वाद त्यानंतरचा. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर गृह मंत्रालयाने या कॅनेडियन कंपनीमागे तगादा लावला. राजधानीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा तोंडावर असताना, ३१ ऑगस्ट २०१० ही निर्वाणीची मुदत देण्यात आली. मुंबईतील हल्लेखोरांचे पाकिस्तानातील सूत्रधारांशी झालेले संभाषण आपल्या यंत्रणांनी हल्ला सुरू असतानाच ऐकले होते, हे त्या वेळी फारसे कोणी लक्षात घेतले नाही. कमतरता होती ती आधीच्या इशाऱ्यांवर कृती करण्याची. बऱ्याच वाटाघाटींनंतर २०१३ मध्ये तडजोड झाली. सामान्य ग्राहकांचे संदेश यंत्रणांच्या आवाक्यात आले. बड्या कंपन्यांच्या स्वतंत्र सर्व्हरवरील ई-मेल बाहेरच राहिले, कारण त्यांची किल्ली उत्पादकाकडेही नव्हती.

सप्टेंबर २०१५ मधील राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्याने या मालिकेत कळस गाठला. नागरिकांनी आपल्या कूटबद्ध संदेशांचा उघडा मजकूर नव्वद दिवस जपून ठेवावा आणि मागताक्षणी पोलिसांना द्यावा, अशी त्यात अपेक्षा होती. गदारोळ होताच मंत्री रविशंकर प्रसाद यांनी २२ सप्टेंबर रोजी मसुदा मागे घेतला. आदेश, ओरड, माघार हा क्रम दहा वर्षांनी ‘संचार साथी’च्या वेळी जसाच्या तसा पुन्हा दिसला. दरम्यान, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८४-अ ने दिलेल्या अधिकारात सर्वंकष धोरण करण्याचे काम मागे पडले आणि तुकड्या-तुकड्यांतील आदेशांनी त्याची जागा घेतली.

राईनपाड्याचा प्रश्न

सरकारची बाजू दुबळी आहे असे समजण्याचे कारण नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मुले पळवणारी टोळी समजून ठेचून मारले. व्हॉट्सअॅपवरून पसरलेल्या अफवांनी त्या उन्हाळ्यात देशभर बळी घेतले. इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपनीला जाब विचारला. कंपनीने एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यास भारतात मर्यादा घातली, परंतु मूळ संदेश कोणी धाडला हे शोधण्याची सोय करण्यास नकार दिला. मृतांच्या कुटुंबीयांना ‘गणिती कुलूप अभेद्य आहे’ एवढे उत्तर पुरेसे वाटेल, अशी अपेक्षा कोण करील?

याच प्रश्नातून २५ फेब्रुवारी २०२१ चे नियम आले. पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेने न्यायालयाच्या अथवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावरून संदेशाचा ‘पहिला प्रवर्तक’ ओळखून द्यावा, असे नियम ४(२) सांगतो. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, बालकांचे लैंगिक शोषण अशा गंभीर गुन्ह्यांपुरताच हा अधिकार आहे आणि कमी उपद्रवाचा मार्ग उपलब्ध असल्यास तो वापरायचा नाही, अशी वेसणही त्याला आहे. सरकारच्याच तेव्हाच्या आकडेवारीनुसार ५३ कोटी भारतीय वापरकर्ते असलेल्या व्हॉट्सअॅपने मे २०२१ मध्ये या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एन्क्रिप्शन तोडण्यास भाग पाडले तर सेवा येथून जाईल, असे कंपनीच्या वकिलांनी २५ एप्रिल २०२४ रोजीच्या सुनावणीत सांगितले. खासगीपणाचा हक्क निरंकुश नसून कोठे तरी समतोल साधावा लागेल, असे मत खंडपीठाने व्यक्त केले.

नियमातील अडचण त्याच्या हेतूत नसून कार्यपद्धतीत आहे. उद्या कोणता संदेश गुन्ह्याचा विषय ठरेल हे आज ठाऊक नसते. त्यामुळे एका संदेशाचा उगम सांगता यावा यासाठी सर्वांच्या सर्व संदेशांवर आधीच खूण उमटवून ठेवावी लागते. एका गुन्हेगाराच्या शोधासाठी ५३ कोटी लोकांची नोंदवही ठेवण्यासारखा हा प्रकार. एवढे करून हाती काय लागेल? त्या उन्हाळ्यात फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीत तयार झालेल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटातून कापलेली होती. उगम देशाबाहेर असेल तर भारतात तो संदेश प्रथम धाडणारा हाच प्रवर्तक मानावा, असे नियम म्हणतो. म्हणजे दुसऱ्या अॅपवरून आलेली फीत घाबरून नातेवाइकांना पाठवणारी गृहिणीही पहिली प्रवर्तक ठरू शकते. चित्रात किंचित फेरफार केला की खूण बदलते, हे सराईताला ठाऊक असते. सामान्य माणसाला नसते. वेसणही कितपत टिकते, हे त्रिपुराने दाखवले. मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्याच्या बनावट पत्रावरून तेथील कनिष्ठ न्यायालयाने पहिल्या प्रवर्तकाचा तपशील मागितला आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाला त्या आदेशाला स्थगिती द्यावी लागली.

अर्थात, व्हॉट्सअॅपला खासगीपणाचा कैवारी समजणेही भाबडेपणाचे आहे. वापरकर्त्यांची माहिती मूळ कंपनीच्या अन्य सेवांना देण्याच्या २०२१ च्या धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. संदेशातील मजकूर कुलूपबंद असला, तरी कोण कोणाशी किती वेळा बोलतो ही माहिती कंपनीच्या व्यापाराचा भाग असते.

घाऊक आणि किरकोळ

कूटबद्ध संदेशांमुळे तपास यंत्रणा आंधळ्या झाल्या आहेत, हा दावाही तपासून पाहावा लागेल. फेब्रुवारी २०२० च्या दिल्ली दंगलीत ५३ जणांचा मृत्यू झाला. त्या खटल्यांच्या आरोपपत्रांत व्हॉट्सअॅप गटांवरील संभाषणांची पानेच्या पाने आहेत. ती कुलूप फोडून मिळालेली नाहीत. सदस्यांच्या जप्त केलेल्या फोनमधून मिळाली आहेत. फरीदाबादच्या कटाचा माग कसा लागला हेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. श्रीनगरच्या नौगाम भागात लागलेली जैशची भित्तिपत्रके, सीसीटीव्हीतील चेहरे, त्यांवरून अटक आणि चौकशी, अशा जुन्या पोलिसी वाटेने जम्मू-काश्मीर पोलीस सुमारे २,९०० किलो स्फोटक साहित्यापर्यंत पोहोचले. स्फोट टळला नाही हे अपयश गंभीरच आहे. पण कटाचा छडा लागला तो किल्लीवाचून.

एकेका संशयिताचा फोन, कारण नोंदवून, न्यायालयाच्या देखरेखीखाली तपासणे हा किरकोळीचा व्यवहार आहे. त्याला वेळ, मनुष्यबळ आणि उत्तरदायित्व लागते. सर्वांच्या कुलपांची एक सामायिक किल्ली तयार करणे हा घाऊक व्यवहार. त्यात पुढच्या प्रत्येक प्रवेशाचा खर्च जवळपास शून्य होतो. एन्क्रिप्शनमुळे यंत्रणांना घाऊकाकडून किरकोळीकडे यावे लागते आणि तेथेच ती त्यांना खुपते. तथापि, किरकोळ व्यवहारही आपल्याकडे बेशिस्तच आहे. ‘न्यूजक्लिक’शी संबंधित पत्रकारांवर ३ ऑक्टोबर २०२३ रोजी पडलेल्या छाप्यांत दिल्ली पोलिसांनी फोन आणि संगणक उचलून नेले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला अशा जप्तीसाठी मार्गदर्शक तत्त्वे करण्यास केंद्राला सांगावे लागले.

तिसरा मार्ग अधिक गडद आहे. पेगॅसस प्रकरणी न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखालील तांत्रिक समितीने २९ फोन तपासले; पाचांत घातक प्रणाली आढळली, ती पेगॅससच असल्याचे सिद्ध झाले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही, असे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये दिल्लीच्या मुनीरका भागातून अटक केलेल्या रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून कागदपत्रे घुसवण्यात आली होती, असा निष्कर्ष बचाव पक्षासाठी तपासणी करणाऱ्या आर्सेनल या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये काढला. तो न्यायालयात सिद्ध व्हायचा आहे. पण आत शिरता येणारा माणूस वाचूही शकतो आणि लिहूही शकतो, ही शक्यता ज्या पुराव्यावर खटले उभे राहतात त्याचीच विश्वासार्हता पोखरते.

ब्रिटनने बदलले, भारताने जपले

चोरवाट फक्त सज्जनांसाठी राखून ठेवता येत नाही, याचा धडा अमेरिकेला २०२४ मध्ये मिळाला. कायदेशीर श्रवणासाठी दूरसंचार कंपन्यांनी बांधलेल्या यंत्रणांमध्येच चीनशी संबंधित घुसखोर शिरले. कूटबद्ध सेवांवर आजवर टीका करणाऱ्या संघीय यंत्रणांनीच त्यानंतर नागरिकांना त्या वापरण्याचा सल्ला दिला. दिल्लीत मंत्री, अधिकारी आणि लष्करी कर्मचारी हेदेखील याच सेवा वापरतात, हे लक्षात घेतले म्हणजे दुबळ्या कुलपाचा धोका राष्ट्रीय सुरक्षेलाही कसा आहे, ते स्पष्ट होते.

ज्या ब्रिटनने भारताला १८८५ चा कायदा दिला, त्यानेही कूटबद्ध सेवांवर वेळोवेळी दबाव आणला आहे. परंतु २०१६ च्या कायद्याने त्याने संदेश अडवण्याच्या आदेशाला दुहेरी कुलूप लावले: मंत्र्याच्या स्वाक्षरीला न्यायिक आयुक्ताची संमती लागते. भारताने वासाहतिक कायदे मोडीत काढल्याचे सांगत डिसेंबर २०२३ मध्ये नवे दूरसंचार आणि टपाल कायदे मंजूर केले. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. दूरसंचार कायद्याच्या कलम २० ने संदेश सरकारला ‘सुगम स्वरूपात’ मिळावा अशी तरतूद केली. टपाल कायद्याच्या कलम ९ ने टपाल उघडण्याचा अधिकार नव्याने दिला. टपाल उघडण्याचे अधिकार वाढवणाऱ्या १९८६ च्या विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी स्वाक्षरी केली नव्हती. या वेळी अशी कोणतीच अडचण आली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमांतही आढावा समिती सचिवांचीच राहिली. वासाहतिक कायदा गेला, त्याचा गाभा राहिला.

पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा निरंकुश ठरवलेला नाही. कायदा, वैध गरज आणि प्रमाणबद्धता या कसोट्यांवर त्यावर बंधने घालता येतात. राईनपाड्यातील पाच मृत आणि लाल किल्ल्यालगतचे बळी यांची आठवण ठेवूनच ही बंधने ठरायला हवीत, याबद्दल दुमत नसावे. प्रश्न क्रमाचा आहे. आधी किल्ली द्या, पहाऱ्याचे पाहू, असे सरकार गेली दोन दशके म्हणत आले आहे. बनावट पत्रांचा, वरिष्ठाच्या ई-मेलचा आणि दोन सेकंदांच्या तपासणीचा अनुभव पाहता नागरिकांनी हा क्रम मान्य करण्याचे काही कारण नाही.

पूर्व न्यायिक संमतीसाठी संसदेला कायदा बदलावा लागेल आणि त्यासाठी आज ना सत्ताधारी उत्सुक आहेत, ना उद्याच्या सत्तेची आस असलेले विरोधक. मात्र कार्यपद्धती आणि सुरक्षेचे उपाय नियमांनी ठरवण्याची मुभा दूरसंचार कायद्याने सरकारला दिलेलीच आहे. आढावा समितीत उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाचा समावेश करणे, वर्षभरात किती आदेश निघाले आणि किती रद्द झाले याचा आकडा संसदेच्या पटलावर ठेवणे, तपास संपल्यावर निर्दोष ठरलेल्या व्यक्तीला तिचे संभाषण ऐकले गेल्याचे कळवणे, या तीन गोष्टींसाठी नव्या विधेयकाची गरज नाही. एक अधिसूचना पुरेशी आहे. ‘संचार साथी’चा आदेश पाच दिवसांत मागे घेऊ शकणारे सरकार ही अधिसूचना काढू शकते. ती निघाली, तर कुलुपाविषयीचा वाद प्रथमच परस्परविश्वासाच्या पायावर करता येईल.